वसईचा तह आणि इंदूरची रेसिडेन्सी



मासळीच्या हिशोबासाठी आम्ही दोघं-तिघं नुकतेच इंदूरला गेलो होतो. मुक्काम पलासियाला. तिथून फार लांब नाही असा एक भाग आहे, नाव रेसिडेन्सी. होळकर दरबारावर नजर ठेवणारा इंग्रजांचा रेसिडेंट तिथे असायचा. समुद्रापासून एवढ्या आत हा साहेब पोचला कसा? त्याची एक वाट आपल्या वसईतून जाते. आजचा धडा त्यावरच.

पेशवे, शिंदे, होळकर, भोसले ही एकाच मराठा राज्यातली घरं. पण माळव्यात शिंदे-होळकरांचे मुलूख एकमेकांत गुंतलेले, म्हणून तंटा कायमचा. पेशवा दुसरा बाजीराव शिंद्यांच्या बाजूचा. १८०१ साली त्याने यशवंतराव होळकरांचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतरावांनी हडपसरला पेशवा आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या.

बाजीराव कोकणात पळाला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला आला. इंग्रजांकडे मुंबई बंदर होतं, आरमार होतं. युरोपात त्यांचं फ्रान्सशी वैर, आणि शिंद्यांच्या कवायती फौजेत फ्रेंच अधिकारी. म्हणून पेशवा त्यांना हाताशी हवाच होता. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. इंग्रज फौज कायम पेशव्याकडे राहणार, तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. आणि मुख्य अट, कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या राज्याशी व्यवहार करायचा नाही.

ही अट आपल्याला नवी नाही. व्यापारी हंगामाआधी उचल देतो आणि म्हणतो, माल दुसऱ्याला घालायचा नाही. भाव मग तोच ठरवतो.

पुढे काय झालं बघा. १८०३ साली शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले, होळकर बाजूला राहिले. १८०४ साली होळकर लढायला उठले, तोवर शिंदे तह करून बसले होते. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशवा खडकीला लढत होता, त्याच दिवशी शिंद्यांनी ग्वाल्हेरला इंग्रजांशी करार केला. त्याच महिन्यात नागपूरकर भोसले सीताबर्डीला हरले. २१ डिसेंबरला महिदपूरला होळकर हरले. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. खानदेश गेला, इंदूरला रेसिडेंट आला, आणि इतर राज्यांशी परस्पर बोलायची बंदी होळकरांवरही आली.

सगळे लढले, पण एकेकटे. आपल्याकडेही कवींच्या जागेवरून शेजारच्या बंदराशी वाद होतात. वाद असू द्या, पण बोलणं तोडू नका. तिसऱ्याची मदत घ्यायची वेळ आलीच, तर शेजाऱ्याशी बोलायला बंदी घालणारी अट त्यात आहे का, हे सहीच्या आधी बघा.

घरी पोरांनाही वाचून दाखवा.