अंगणात तुती लावावी की डाळिंब?

प्रश्न : यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात आम्ही घर बांधलं. मागे दोन झाडांपुरती जागा आहे. माती काळी, चिकट. मुलांना तुती हवी, सासूबाईंना डाळिंब. रोपवाटिकेवाले म्हणतात, दोन्ही येतात. पण शेजारच्या डाळिंबाला भरपूर फुलं लागतात आणि गळून जातात. काय करावं? कोणती जात घ्यावी?
— एक वाचक, लोहारा (जि. यवतमाळ)

उत्तर : दोन्ही लावा, पण दोघांना एकाच पद्धतीने वाढवू नका. तुतीला कात्री लागते, डाळिंबाला पाण्याची शिस्त. एवढं सांभाळलं तर काळ्या मातीतही दोन्ही जमतात.

आधी माती बघा. दोन फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर डाळिंब थेट जमिनीत लावू नका. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि मर रोगाला वाट मिळते. मुरूम, माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद ओटा करा आणि त्यावर झाड लावा. बरड, मुरमाड जागा असलेल्यांना हा खटाटोप करावा लागत नाही.

जातीचं म्हणाल तर घरासाठी दोन नावं पुरेत. ‘गणेश’ ही पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली आळंदी वाणातून निवडलेली जात. दाणे गुलाबी, बी मऊ. ‘भगवा’ राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. साल जाड आणि केशरी, दाणे गडद लाल. बाजारात भगव्याची चलती आहे ती जाड सालीमुळे फळ लांबवर पाठवता येतं म्हणूनही. घरी खायला दोन्ही सारखीच चांगली. रोप गुटी कलमाचं घ्या आणि पानांवर तेलकट डाग नाहीत ना, हे निरखून बघा. तेल्या रोग रोपाबरोबरच घरी येतो.

आता फुलगळीचं. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. काहींचं बूड निमुळतं असतं. ती नरफुलं, गळणारच. ज्यांचं बूड तांब्यासारखं फुगीर, त्यांनाच फळ धरतं. शेजारच्या झाडाखाली पडलेली फुलं उचलून बघा, बहुतेक निमुळतीच निघतील. फुगीर बुडाचीही गळत असतील, तर पाणी कधी फार आणि कधी अजिबात नाही, असं होत असणार. याच कारणाने पुढे फळंही तडकतात. निळोणा-चापडोह धरणांच्या पाण्यावर जगणाऱ्या यवतमाळकरांना उन्हाळ्यातली टंचाई सांगायला नको. म्हणून पाणी थोडं द्या, पण ठरल्या वारी द्या. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटं थर पसरा, ओल टिकते.

मृग, हस्त आणि आंबिया या तीन बहारांपैकी तुम्ही हस्त धरा. जून-जुलैतली फुलं खुडून टाका आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली राखा. पावसाळी दमटपणात तेल्या फोफावतो. हस्ताची फळं कोरड्या हवेत पोसतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास हाती येतात. पहिली दोन वर्षं मात्र सगळीच फुलं खुडा. तीन-चार खोडं ठेवून बाकीचे फुटवे काढत जा.

तुती सोशिक. पावसाळ्याच्या तोंडाला सहा-आठ महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या, तीन-चार डोळ्यांचा तुकडा कापा आणि एक डोळा वर ठेवून खोचा. फांदी मात्र गोड फळं देताना तुम्ही स्वतः पाहिलेल्या झाडाचीच आणा. बियांपासून आलेलं रोप नर निघालं तर मुलं वाट बघत बसतील. ‘व्ही-१’सारख्या जाती रेशीमकिड्यांच्या पाल्यासाठी निवडलेल्या आहेत, फळांसाठी नव्हेत.

रेशीम उत्पादक वर्षातून चार-पाचदा तुतीचा पाला घेतात, तरी ती पुन्हा फुटते. तुम्ही फळं संपली की वर्षातून एकदा डोक्याच्या उंचीवर छाटा, नव्या फांद्यांवर फळ येतं. न छाटल्यास झाड गच्चीपर्यंत जाईल आणि फळं बुलबुलांच्या वाट्याला जातील. भिंत आणि शौचालयाची टाकी यांपासून दहा फूट दूर लावा, मुळं लांब पळतात. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली तर नकोच, फळांचे डाग सहजी निघत नाहीत. तोडलेली तुती नंतर पिकत नाही, म्हणून पूर्ण रंग चढल्यावर, हात लावताच सुटेल तेव्हाच घ्या.

फवारणीचा पंप अंगणात आणू नका. २०१७ साली कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात किती घरं उद्ध्वस्त झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे; आणि तुती तर मुलं झाडावरूनच तोंडात टाकतात. तुतीचे शेंडे चुरगळले, पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. डाळिंबाला सुरसा अळी पोखरते, म्हणून फळ लिंबाएवढं झालं की कापडी पिशवी बांधा. तेल्याचं फळ दिसताच तोडून जाळा आणि कात्री स्पिरिटने पुसा.

यंदा एकच झाड जमणार असेल, तर तुती लावा; दुसऱ्याच वर्षी मुलांच्या हाती फळ येईल. तोवर डाळिंबाचा ओटा भरून एक पावसाळा बसू द्या आणि यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या. सासूबाईंचं झाड पुढच्या वर्षी लावलं तरी ते ओट्यावर टिकेल. घाईने चिखलात लावलं तर टिकणार नाही.