अंधारातील शिदोरी

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे या गावाचे नाव दूरवर पोचले आहे. दरवर्षी स्वामी विवेकानंदांच्या जन्मोत्सवास तेथे लाखो माणसे जमतात. मोकळ्या रानात लांबच लांब पंगती बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी हा महाप्रसाद ट्रॅक्टरांतून आणून सर्वांना वाढला जातो. गावाला रेल्वे नाही. दूरचा प्रवासी शेगाव, मलकापूर, अकोला किंवा जालना येथे गाडीतून उतरतो आणि पुढचा पल्ला एस.टी.ने गाठतो.

समजा, मे महिन्यातील एका संध्याकाळी पुण्याचे एक कुटुंब या गावी येत आहे. आई, बाबा, सातवीत शिकणारी मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि सत्तरी ओलांडलेली आजी. वाटेत उशीर झाला. सर्वजण एस.टी.तून उतरले, तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सामान खाली ठेवतात न ठेवतात तोच रस्त्यावरचे दिवे, दुकानांतील दिवे, पंखे सारे एकदम बंद झाले. डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये, असा अंधार पडला.

बाबांनी खिशातून मोबाइल काढला. पण दिवसभराच्या वापराने तो केव्हाच बंद पडला होता. ज्यांच्याकडे उतरायचे, त्यांचा पत्ता त्यातच होता, दूरध्वनी क्रमांकही त्यातच होता आणि वाटखर्चाचे पैसेसुद्धा त्यातूनच द्यायचे होते. उकाड्याने आजी कासावीस झाल्या होत्या. त्यांच्या पिशवीत इन्सुलिनचे औषध होते आणि ते थंड जागी ठेवणे आवश्यक होते.

"आता कसं होणार, बाबा?" धाकट्याने विचारले. बाबांना उत्तर सुचेना.

असा प्रसंग केवळ एका गावात किंवा एका कुटुंबावरच येतो असे नाही. कर्कवृत्त आपल्या देशाच्या मधून जाते. त्याच्या दक्षिणेकडील सारा भाग उष्ण कटिबंधात मोडतो. हिवरा आश्रम सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे तेही या कटिबंधातच येते. येथे मे महिन्यात पारा अनेकदा ४० अंशांच्या वर चढतो. घरोघरी पंखे व कूलर सुरू होतात आणि विजेची मागणी वाढते. उन्हाने तारा तापतात, लांबतात आणि खाली झोल घेतात. ज्याला गावकरी डीपी म्हणतात, ते रोहित्रही आधीच तापलेले असते. भार फार झाला की ते जळते. त्यानंतर पाऊस येतो. वादळाने झाडे तारांवर कोसळतात, विजा पडतात, खांब वाकतात. दिवे लागणे जितके सोपे वाटते, तितके ते सोपे नाही.

विजेचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. धान्य कणगीत भरून ठेवता येते. वीज मात्र अजूनही फार थोडी साठवता येते. जेवढी मागणी असेल, तेवढी ती त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. देशातील वीजकेंद्रे तारांच्या एका प्रचंड जाळ्याने परस्परांशी जोडलेली आहेत. दहाजणांनी मिळून एक जड तुळई खांद्यावर घेतली आणि त्यांतील दोघे थकून बाजूस झाले, तर उरलेल्या आठांवर तिचा भार पडतो. त्यांतूनही कोणी खचला, तर सर्वांनाच ती खाली टाकावी लागते. विजेच्या जाळ्याचेही असेच होते.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास हेच घडले. काही वाहिन्या आधीच बंद होत्या. अशा वेळी बीना ते ग्वाल्हेर ही मोठी वाहिनी अतिभाराने बंद पडली आणि उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. ते सावरते न सावरते तोच दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तिन्ही भागांचा वीजपुरवठा तुटला. सुमारे ६० कोटी लोक राहतात, एवढ्या मोठ्या प्रदेशात वीज राहिली नाही. महाराष्ट्र ज्या पश्चिम विभागात मोडतो, तो विभाग बचावला. परंतु उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशांची गाडी मात्र वाटेतच थांबली. विजेवर चालणाऱ्या शेकडो गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

महानगरेही यातून सुटलेली नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल गाड्या मध्येच थांबल्या. कित्येक प्रवासी गाडीतून उतरून रुळांच्या कडेने चालू लागले. रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. खेड्यातील प्रवासी असो की मुंबईतील, त्या घडीला दोघांची अवस्था सारखीच होती.

मग पूर्वीचे प्रवासी काय करीत? ज्यांच्या नावाने हिवऱ्याचा आश्रम उभा आहे, ते स्वामी विवेकानंद स्वतः मोठे प्रवासी होते. परिव्राजक होऊन ते भारतभर हिंडले. १८९२ साली ते मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव या भागात आले होते. पुण्यास ते लोकमान्य टिळकांच्या घरी उतरले. त्यांच्याजवळ पैसा नसे. मृगाजिन, एक-दोन वस्त्रे आणि कमंडलू एवढेच त्यांचे सामान होते, अशी आठवण टिळकांनी सांगून ठेवली आहे. त्या काळी गावोगाव रात्री समई, पणती किंवा कंदील हाच उजेड असे. पुढच्याच वर्षी, १८९३ साली, स्वामीजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत बोलले. ती परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, ते प्रदर्शन विजेच्या हजारो दिव्यांनी उजळून निघाले होते. स्वामीजींनी अंधारी वाटही पाहिली आणि विजेचा झगमगाटही पाहिला. जे अत्यावश्यक, ते प्रवाशाने आपल्या हाताशी ठेवावे, हे त्यांच्या त्या लहानशा सामानावरून सहज कळते.

आजच्या प्रवाशाची शिदोरी थोडी वेगळी असेल. ज्या गावी जायचे तेथील पत्ता, दोन-तीन दूरध्वनी क्रमांक आणि तिकिटाचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. थोडी नाणी व सुट्या नोटा निराळ्या ठेवाव्यात. एक लहान विजेरी आणि तिचे जास्तीचे सेल बरोबर असावेत. मोबाइल निघण्यापूर्वी पूर्ण भारित करावा आणि वीज गेल्यावर तो करमणुकीसाठी वापरू नये. पिण्याचे पाणी भरून घ्यावे. कारण पुष्कळ ठिकाणी वीज गेली की पंप थांबतो आणि नळही कोरडा पडतो. विहीर आणि हातपंप मात्र विजेची वाट पाहत नाहीत. खाण्यासाठी दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असे टिकणारे पदार्थ घ्यावेत. बंद पडलेल्या फ्रीजमध्ये दिवसभर राहिलेले दूध वा भात खाऊ नये.

उष्ण प्रदेशात खरा धोका अंधाराहून उकाड्याचा असतो. घामावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. अशा वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून ते थोडे थोडे प्यावे. कोणाचे अंग अतिशय तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर त्यास सावलीत न्यावे, अंग ओल्या कापडाने पुसावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्याला शुद्ध नाही, त्याच्या तोंडात पाणी घालू नये.

थंडाव्यासाठी आपल्याकडे माठ आहेच. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना आतील उष्णता निघून जाते. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ चांगला थंड होतो. कोकणच्या दमट हवेत तितका होत नाही. हे तत्त्व औषधासही उपयोगी पडते. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून तिच्यात लहान मडके बसवावे आणि घट्ट बंद केलेल्या डबीतील औषध त्या आतल्या मडक्यात ठेवावे. इन्सुलिन मात्र बर्फास लावू नये. ते गोठले की निरुपयोगी होते.

काही गोष्टी अंधारात कटाक्षाने टाळाव्यात. मच्छरदाणीजवळ मेणबत्ती लावू नये. बंद खोलीत जनित्र चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणसाचा प्राण जातो. रस्त्यावर तार तुटून पडली असेल, तर वीज गेली आहे असे समजून तिच्याजवळ जाऊ नये. इतरांनाही दूर ठेवावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे. अंधाऱ्या पायवाटेने जाताना पायांत जोडे व हातात विजेरी असावी. उन्हाळ्याच्या व पावसाळ्याच्या रात्री सापविंचू बाहेर पडतात.

प्रवाशाला हा अंधार एका रात्रीपुरता सोसावा लागतो. हिवऱ्याच्या परिसरातील शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे. शेतपंपांना वीज ठरावीक तास व पाळीपाळीने मिळत आली आहे. पाळी रात्रीची असली, म्हणजे हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी त्याला हिवाळ्याच्या मध्यरात्री शेतात जावे लागते. पाणी देता देता वीज गेली, तर अर्धे वाफे कोरडेच राहतात. शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी, म्हणून राज्यात २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ज्या अंधारास आपण एका रात्रीत कंटाळतो, त्या अंधारात कोणीतरी आपल्यासाठी धान्य पिकवीत असतो, हे प्रवाशाने विसरू नये.

आता त्या कुटुंबाकडे परत वळू. बाबा निरुत्तर उभे होते. इतक्यात आजी शांतपणे नातीला म्हणाल्या, "अगं, निघताना तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी काय लिहून घेतलं होतं?"

मुलीला एकदम आठवले. पत्ता आणि क्रमांक! तेव्हा तिला हसू आले होते. सर्व काही मोबाइलमध्ये असताना आजीला कागद कशाला हवा, असे तिला वाटले होते.

समोरच्या दुकानदाराने कंदील लावला होता. तो पुढे येऊन म्हणाला, "लाईट गेली जी. येईल घंटाभरात. आजी, तुम्ही या, ओट्यावर बसा." त्याने माठातले पाणी दिले, पुठ्ठ्याचा पंखा दिला आणि आपल्या मोबाइलवरून वहीतील क्रमांक लावून दिला. त्याच्या पत्नीने इन्सुलिनची डबी ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवली. मुलगी आजीला वारा घालू लागली. धाकटा भाऊ कंदील हाती धरून, एस.टी.तून उतरलेल्या दुसऱ्या प्रवाशांना पायरी दाखवू लागला.

थोड्या वेळाने त्यांना न्यायला माणूस आला. बाबांनी दुकानदाराला पैसे देऊ केले, तेव्हा त्याने हात जोडले. "पाण्याचे कोणी पैसे घेते काय?" तो म्हणाला.

वाटेने चालताना मुलीने विचारले, "आजी, तुला कसं कळलं की वीज जाईल?"

"मला कसं कळणार?" आजी म्हणाल्या. "पण कागदाला वीज लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं."

वीज अजून आली नव्हती. पुढे चालणाऱ्या माणसाच्या हातातील विजेरीचा प्रकाश वाटेवर पडत होता. त्या उजेडात सर्वजण एकमेकांचा हात धरून सावकाश चालले होते.

स्वाध्याय

१. विजेची निर्मिती मागणीइतकीच त्याच क्षणी का व्हावी लागते?
२. विदर्भात माठातील पाणी कोकणापेक्षा अधिक थंड का होते?
३. प्रवासाला निघताना कोणत्या गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात?
४. वीज गेली असता तुमच्या घरातील कोणती कामे थांबतात व कोणती चालू राहतात, ते घरातील वडील मंडळींना विचारून लिहा.