भिंतीस चुना, कीं डब्यांतील रंग?

दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें वसलीं आणि १९४९ सालीं तिचें उल्हासनगर झालें. तेथील पांचव्या कॅम्पांत जुनें घर दुरुस्त करतांना आज प्रश्न पडतो: भिंतीस चुना द्यावा, कीं डब्यांतील तयार रंग?

चुन्याचें रसायन मोठें कौतुकाचें आहे. चुनखडी भाजली म्हणजे तींतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. पाणी घालतांच तो तापतो, फुगतो, विरतो. भिंतीवर फासल्यावर हवेंतील तोच वायु शोषून तो पुनः चुनखडी बनतो. जणूं भिंतीवर दगडाचाच पातळ लेप! त्यांतून ओल बाहेर पडते. कृत्रिम रंगाचा पापुद्रा ती कोंडून धरतो, व पावसाळ्यांत भिंतीस फोड येतात. तथापि चुना कपड्यांस लागतो; तैलरंग धुतां येतो. स्वयंपाकघरांत आम्ही तैलरंगच पसंत करूं. शिवाय नैसर्गिक तें निर्धोक, असेंहि नाहीं. चुना विरवितांना उडालेला थेंब डोळा घालवूं शकतो.

खरें भय मात्र जुन्या तैलरंगाचें. रंग खुलावा, लवकर वाळावा, म्हणून त्यांत शिसें घालीत. दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा भारतांत नोव्हेंबर २०१७ मध्यें लागू झाली. त्यापूर्वीं रंगविलेलीं दारें-खिडक्या कोरड्या पॉलिशकागदानें घासूं नयेत. ती धूळ पोटांत गेल्यास लहान मुलांच्या मेंदूस इजा होते. पाणी लावून घासावें, धूळ ओल्या फडक्यानें पुसावी, आणि काम संपेपर्यंत मुलांस शेजारीं ठेवावें.