पाखरे खरी, चित्र खोटे

आमच्या साक्षरता वर्गाच्या भिंतीवर एक मोठे चित्र आहे. चित्रात आंब्याचे झाड आहे. झाडावर चिमणी, बुलबुल, साळुंकी आणि कावळा बसले आहेत. प्रत्येकाखाली त्याचे नाव ठळक अक्षरांत लिहिले आहे.

हे पक्षी एका वेळी त्या झाडावर बसले नव्हते. आम्ही त्यांचे फोटो अंगणात वेगवेगळ्या दिवशी काढले. मग संगणकावर प्रत्येक पक्षी कापून घेतला आणि झाडाच्या फोटोवर बसवला. अशा चित्राला आपण जोडचित्र म्हणू.

आमचे पहिले जोडचित्र फसले. कसे ते ऐका.

वर्गात एक आजी येतात. तेव्हा त्या नुकत्याच अक्षरे जुळवू लागल्या होत्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि हसू लागल्या.

“काय झाले, आजी?” आम्ही विचारले.

“अहो गुरुजी, ही चिमणी केवढी! पार कावळ्याएवढी! आणि बुलबुलाच्या अंगावर ऊन डावीकडून, साळुंकीच्या उजवीकडून. तुमच्याकडं दोन सूर्य उगवतात होय? अन् ही कोकिळा बघा, कावळ्याला खेटून बसलीय. तिची अंडी त्याच्या घरट्यात. दिसली की हाकलतो तो तिला!”

आम्ही खजील झालो. प्रत्येक फोटो खरा होता, पण जोडलेले चित्र खोटे झाले होते. ज्याला अक्षर येत नाही, त्याला चित्र हेच पुस्तक. त्यातच चूक असली तर तो कशावर विश्वास ठेवील?

आम्ही ते चित्र उतरवले आणि पुन्हा कामाला लागलो.

पहिली गोष्ट ऊन. सगळे फोटो सकाळीच काढले. सूर्य दर वेळी आपल्या डाव्या हाताला ठेवला. झाडाचा फोटोही तसाच काढला.

दुसरी गोष्ट आकार. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर असते. बुलबूल २०, साळुंकी २३ आणि कावळा ४० सेंटिमीटर. त्याच मापाने पक्षी लहानमोठे केले.

तिसरी गोष्ट पाय. गवतात बसलेल्या पक्ष्याचे पाय दिसत नाहीत. तो कापून फांदीवर ठेवला तर अधांतरी वाटतो. म्हणून पाण्याच्या परळाजवळ एक वाळकी फांदी रोवली. पक्षी पाणी प्यायला येण्याआधी तिच्यावर टेकत. मागे साधी भिंत होती, त्यामुळे पक्ष्याची कडा नीट कापता आली.

चौथी गोष्ट धीर. आम्ही दाराआड गुपचूप बसलो. घरट्याजवळ मात्र गेलो नाही. माणूस जवळ आला की पाखरू भिते. कधी कधी अंडी, पिल्ले टाकूनही जाते. फोटोपायी पिल्लाचा जीव जाऊ नये.

कोकिळेला आम्ही वेगळे चित्र दिले.

नव्या चित्राच्या तळाशी एक ओळ लिहिली. आजींनी तिच्यावर बोट ठेवले आणि एकेक अक्षर जुळवत वाचली: “हे जो-ड-चि-त्र आहे.” मग म्हणाल्या, “हां, आता खरं.”

मित्रांनो, आज मोबाईलवर रोज नवी चित्रे येतात. काही खरी असतात, काही जोडलेली, काही फसवण्यासाठीच केलेली. चित्र पाहताच पुढे पाठवू नका. आजींसारखे नीट पाहा. ऊन कोठून आले? सावली कोठे पडली? लहानमोठेपणा बरोबर आहे का? असे कधी घडते का? अक्षर वाचायला शिकलात, तसे चित्रही वाचायला शिका.

शब्दांचे अर्थ
खजील होणे – लाज वाटणे
अधांतरी – कशाचाही आधार नसलेले
परळ – मातीचे पसरट भांडे

प्रश्न
१. आजींनी चित्रातल्या कोणत्या तीन चुका दाखवल्या?
२. घरट्याजवळ जाऊन फोटो का काढू नये?
३. तुमच्या अंगणात येणाऱ्या पाच पक्ष्यांची नावे लिहा.