पैसे पावलांना बांधू नकोस

शिवनेरीच्या पायथ्यापासून भीमाशंकरपर्यंत चालत जायचं आणि टाइप वन मधुमेहाच्या गरीब घरच्या मुलांसाठी इन्शुलिन नि साखर तपासायच्या पट्ट्यांचे पैसे उभे करायचे, असं तू ठरवल्याचं वहिनींकडून कळलं. तुला स्वतःला शाळेत असल्यापासून रोज सुया. त्यामुळे घरात दोन तट पडलेत. मी 'जा' म्हणणाऱ्यांत आहे. आरोग्यसेविका म्हणून जुन्नर-आंबेगावात पायपीट करण्यात माझा जन्म गेला आणि साखर माझ्याही अंगात मुरलेली, तेव्हा आत्याचं थोडं ऐक.

आधी पैशाचं बोलते. तुझे मित्र लोकांकडून 'किलोमीटरमागे इतके रुपये' कबूल करून घेणार आहेत म्हणे. ते ताबडतोब थांबव. एकदा पैसे पावलांना बांधले, की साखर साठावर आली तरी तू बसणार नाहीस. "अजून एवढं वळण" करत चालत राहशील, कारण प्रत्येक वळणाला पोरांच्या औषधाचा हिशेब चिकटलेला असेल. देणाऱ्याकडून ठोक रक्कम घे आणि निघण्याआधीच घे. मग तू पोखरीच्या घाटात थांबलास काय नि देवळापर्यंत पोचलास काय, पोरांचं इन्शुलिन अडत नाही.

कॅनडातल्या टेरी फॉक्सचं नाव ऐकलं असशील. हाडाच्या कर्करोगात एक पाय गेलेला. कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला तो 1980 साली कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले आणि कर्करोग फुप्फुसात उतरल्यावर त्याला थांबावं लागलं. धाव अर्धवट राहिली, पण देणगी थांबली नाही. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निधी दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे त्या वेळच्या कॅनडात माणशी एक डॉलर.

पण मला जास्त पटतात ते आपले बाबा आमटे. मणक्याच्या दुखण्यानं त्यांना बसता येत नसे. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. त्याच अवस्थेत, सत्तरी उलटल्यावर, 1985 च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' काढलं. पोरं-पोरी सायकलवर आणि बाबा गाडीतल्या बिछान्यावर. बाबांनी पायडल मारलं नाही म्हणून ती यात्रा त्यांची नव्हती, असं म्हणायची कोणाची छाती झाली? तेव्हा तुझ्या मागेही एक जीप असू दे आणि वाईट दिवशी तिच्यात बसायची लाज धरू नको. तेवढा टप्पा दुसरा कोणी चालेल.

आता शरीराचं. डोस किती कमी करायचा ते डॉक्टर ठरवतील, मी नाही. त्यांना नुसतं "चालणार आहे" म्हणू नको. रोज किती तास, किती चढ, जेवण किती वाजता, हे कागदावर लिहून ने. निघताना साखर नव्वदच्या खाली असेल तर आधी खा. अडीचशेच्या वर असेल आणि लघवीत कीटोन दिसले, तर त्या दिवशी पाऊल उचलायचं नाही, डॉक्टरांना फोन लावायचा. चालायच्या आधीची सुई पोटात घे, मांडीत नको. चालताना मांडीतलं इन्शुलिन भराभर रक्तात उतरतं.

सत्तरच्या खाली साखर गेली, की ग्लुकोज पावडरचे सपाट तीन चमचे पाण्यातून घ्यायचे, पंधरा मिनिटं बसायचं आणि पुन्हा तपासायचं. तेव्हा पेढा किंवा शेंगदाण्याची चिक्की कामाची नाही, त्यातल्या तुपा-तेलानं साखर उशिरा चढते. पुडी पँटच्या खिशात ठेव. सरावाला लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढशीलच, तिथली माकडं हातातली पिशवी आधी पळवतात आणि आत काय आहे ते मग बघतात!

खरी फजिती रात्री होते, हे पोरांना माहीत नसतं. दिवसभर चाललेले स्नायू झोपेतही रक्तातली साखर ओढत राहतात, दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणून झोपण्याआधी तपास, अर्धी भाकरी-दूध पोटात असू दे आणि पहाटे तीनचा गजर लाव. शेजारी झोपणाऱ्याला घाम, थरथर, बरळणं ही लक्षणं शिकवून ठेव. आपल्याकडे माणूस पडला की कोणी कांदा हुंगवतं, कोणी तोंडात साखरेचं पाणी ओततं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा. डिंभ्याच्या पुढे डोंगरात रेंज धरून चालू नको, जीपवाल्याला रस्ता पाठ हवा. घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आहे, वर तळेघरला आरोग्य केंद्र. दोन्हीकडे आधी स्वतः जाऊन ये आणि तुझं इन्शुलिन त्यांच्याकडे असतं का, ते विचार.

इन्शुलिन जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलंस तर ते वाया गेलं म्हणून समज. बर्फालाही चिकटवू नको, गोठलेलं फेकून द्यावं लागतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात, कोरड्या डबीत घालून ठेवलेलं चांगलं राहतं. आमच्या गावोगावच्या पेशंटांनी हेच केलं. निम्मा साठा दुसऱ्या कोणाच्या पिशवीत दे.

पायांचं तुला नवं काय सांगू? नवे बूट नकोत. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांसकट पाय बघ आणि तळवा दिसत नसेल तर आरसा धर. वारीत दमलेले पाय कढत पाण्यात सोडतात, तो मोह टाळ. साखरेनं बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. माझ्या हद्दीतल्या एका माळकऱ्याचा अंगठा असाच गेला.

श्रावणात निघू नको. भीमाशंकरला तेव्हा धुकं, पाऊस आणि सोमवारची गर्दी, वर कोणीतरी तुला उपास धरायला लावणार. उपास आणि चालणं एका दिवशी जमायचं नाही, देवाला मी सांगेन. दिवाळीनंतरची हवा बरी, पण तेव्हा ऊसतोड सुरू असते आणि उसातून बिबट्याची पिल्लं निघतात, मादी जवळपास असते. शहरातले धावणारे पहाटे चारला निघतात तसं इथे करायचं नाही. नीट उजाडल्यावर निघायचं, दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठायचा आणि उसाच्या कडेनं एकटं रेंगाळायचं नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र हौसेखातर काढलेलं नाही.

वाटेत घरोघर चहा होईल. "बिनसाखरेचा" म्हटलंस तरी "अर्धाच चमचा टाकलाय" म्हणून पुढे येईल. तो अर्धा चमचा कधीच अर्धा नसतो. सरळ ताक माग, कोणी रागावत नाही.

आणि भाषणात आजार विकू नको. लोक कळवळून पाचशे देतात आणि विसरतात. एका मुलाला महिन्याला किती पट्ट्या लागतात ते सांग, दरवर्षी देणारे त्यातून मिळतील. वर्गणी नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवरच घे. मित्रमंडळाच्या नावावर गोळा करायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, गणपती मंडळांना जावं लागतं तसंच. आयकरातली देणगीची सवलत हवी असणाऱ्यानं दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नये, हेही सांग. जीपचं डिझेल आणि जेवणखाण वर्गणीतून नको. ते खिशातून करा आणि हिशेब गावात फळ्यावर लावा.

डिझेलचे पहिले पैसे मी देते. निघायच्या आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणि पावतीपुस्तक, दोन्ही घेऊन ये आणि मला दाखव.