एकहाती लग्न-चित्रीकरण व्यवसाय आणि ‘मिश्र उत्पन्ना’ची संकल्पना

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना आठवतो. त्याच्या उभारणीसाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कॅम्प-१ या वस्तीचे नावच उभारणीच्या काळातील कामगार-छावण्यांची आठवण करून देते. अशा औद्योगिक नगरातही अनेकांची उपजीविका कारखान्याबाहेरच्या लहान सेवांवर चालते. लग्नाचे चित्रीकरण व संपादन एकट्याने करणारा व्यावसायिक हे त्याचे बोलके उदाहरण होय. त्याच्या हिशोबातून राष्ट्रीय उत्पन्नातील एक महत्त्वाची संकल्पना स्पष्ट होते.

सांख्यिकीतील स्थान

राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ नुसार हा व्यवसाय छायाचित्रण सेवांच्या गटात (७४२) मोडतो. नियमित पगारी कामगार नसलेल्या आस्थापनेस ‘ओन अकाउंट’, म्हणजे स्वतःच्या खात्यावर चालणारी आस्थापना म्हणतात. मोठ्या लग्नापुरता एखादा मदतनीस घेतला तरी हे वर्गीकरण बदलत नाही. तो नियमितपणे ठेवला तर मात्र बदलते. असंघटित बिगरशेती आस्थापनांच्या २०२३-२४ च्या वार्षिक सर्वेक्षणानुसार देशात (बांधकाम क्षेत्र वगळता) अशा सुमारे ७.३४ कोटी आस्थापना होत्या व त्यांत १२ कोटींहून अधिक लोक काम करीत होते. यांपैकी बहुसंख्य आस्थापनांत पगारी कामगार नव्हता.

व्यवसायाचे स्वरूप

ही सेवा साठवून ठेवता येत नाही. अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच येतो. तो हुकला तर पुन्हा टिपता येत नाही. भिलाईत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे स्थिरावली असल्याने प्रत्येक समाजाचे विधी व त्यांच्या वेळा ठाऊक असणे हेदेखील भांडवलच ठरते. त्याशिवाय मागणी हंगामी असते. अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लग्नांची दाटी होते, तर चातुर्मासात व खरमासात कॅमेरा बहुधा पडून राहतो. एका मुहूर्तावर एकच लग्न घेता येत असल्याने उत्पादनक्षमतेची कमाल मर्यादा पंचांग ठरवते. संगणकामुळे संपादन सोपे झाले. पण चित्रीकरणाचे तास कमी झाले नाहीत आणि ग्राहकांच्या अपेक्षा मात्र वाढल्या.

नफा की मजुरी?

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरले आहेत. वर्षात २० लग्ने व प्रत्येकी २५,००० रुपये दर धरल्यास एकूण प्राप्ती ५,००,००० रुपये होईल. प्रवास, वीज, दुरुस्ती, हार्ड डिस्क इत्यादींवर १,००,००० रुपये खर्च झाला, तर ४,००,००० रुपये उरतात. व्यावसायिक यालाच नफा समजतो. राष्ट्रीय लेख्यांत ही स्थूल मूल्यवृद्धी असून तिला येथे ‘मिश्र उत्पन्न’ म्हणतात. कारण श्रमाचा व भांडवलाचा मोबदला तीत वेगळा केलेला नसतो.

आता तो वेगळा करून पाहू. उपकरणे ३,००,००० रुपयांची व त्यांचे आयुष्य ५ वर्षे धरल्यास वार्षिक घसारा ६,००० नव्हे, तर ६०,००० रुपये होतो. तो वजा जाता निव्वळ मिश्र उत्पन्न ३,४०,००० रुपये राहते. एका लग्नासाठी चित्रीकरणाचे २४, संपादनाचे ५० व ग्राहकाशी बोलणी, फेरबदल यांचे ६, असे ८० तास धरू. २० लग्नांचे १,६०० तास होतात. हेच काम दुसऱ्याकडे केल्यास ताशी २०० रुपये मिळाले असते, असे मानल्यास स्वतःच्या श्रमाचा संधी खर्च ३,२०,००० रुपये येतो. गुंतवलेल्या भांडवलावर १० टक्के दराने ३०,००० रुपये व्याज धरल्यास आर्थिक नफा उणे १०,००० रुपये ठरतो. हाती रोकड खेळत असूनही व्यवसाय तोट्यात असू शकतो, तो असा. कॅमेरा बदलण्याची वेळ येते तेव्हाच हा तोटा उघडा पडतो.

धोरणाचा विचार

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’ गटात ५ लाख व ‘तरुण’ गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. २०२४ मध्ये ‘तरुण प्लस’ गटात ही मर्यादा २० लाख झाली. यामुळे उपकरणे घेणे सुलभ होते. तथापि, भांडवल सुलभ झाल्याने व्यावसायिकांची संख्या वाढते आणि प्रत्येकजण स्वतःच्या श्रमाचे मोल शून्य धरून दर कमी करू लागला, तर स्पर्धेचा भार शेवटी त्याच्याच मजुरीवर पडतो. म्हणून कर्जासोबत हिशोबाचे व दरनिश्चितीचे प्रशिक्षण आवश्यक आहे.

स्वयंरोजगारात लागलेल्यांची संख्या वाढली, एवढ्यावरून रोजगाराची गुणवत्ता सुधारली असा निष्कर्ष काढता येत नाही. मिश्र उत्पन्नातून घसारा व व्याज वजा करून उरलेल्या रकमेस कामाच्या तासांनी भागावे. येणारा आकडा बाजारातील मजुरीशी ताडून पाहिल्यावरच खरे चित्र कळते.

सरावासाठी प्रश्न
१. मिश्र उत्पन्न व आर्थिक नफा यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. वरील उदाहरणात लग्नांची संख्या, खर्च व तास तेच ठेवून आर्थिक नफा शून्य होण्यासाठी प्रत्येक लग्नाचा दर किती असावा? (उत्तर : २५,५०० रुपये)