अर्भकांमधील बहिरेपणा : कारणे व प्रतिबंध

जन्मतः बहिरे असलेले मूल वरकरणी इतर मुलांसारखेच दिसते. ते हसते, रडते, पहिले काही महिने हुंकारही देते. 'बापही उशिराच बोलला होता,' अशी घरात समजूत घातली जाते आणि भाषा आत्मसात करण्याचा मोलाचा काळ हातचा निघून जातो. दर १,००० नवजात बालकांमागे साधारणतः १ ते २ बालकांत हा दोष आढळतो.

आनुवंशिक कारणे

जन्मजात बहिरेपणाच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांचे मूळ आनुवंशिक असते. यांतील बहुसंख्य मुलांच्या मातापित्यांना उत्तम ऐकू येते. दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास मूल बहिरे होते. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडे यांच्या विवाहांत ही शक्यता वाढते.

गर्भावस्थेतील कारणे

गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मातेस रुबेला झाल्यास तिला किरकोळ ताप व पुरळ एवढाच त्रास होतो. गर्भाच्या कानास, डोळ्यांस व हृदयास मात्र कायमची इजा पोहोचू शकते. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये रुबेला व जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध प्रथम दाखविला. सायटोमेगॅलो विषाणू व उपदंश हेही असेच घातक होत.

जन्मसमयीची व नंतरची कारणे

दीड किलोपेक्षा कमी वजन, जन्मतः श्वास कोंडणे, तीव्र कावीळ आणि मेंदूच्या आवरणाचा दाह यांमुळे श्रवणशक्ती धोक्यात येते. जेंटामायसिनसारखी औषधे जीव वाचवितात, परंतु ती वैद्यकीय देखरेखीखालीच दिली जावीत.

प्रतिबंध व निदान

गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात दिली जाते. आजच्या बालिकेचे लसीकरण हे उद्याच्या अर्भकाचे संरक्षण होय.

थाळी वाजवून केलेली परीक्षा फसवी ठरते. मूल हादऱ्याने वा हालचाल पाहूनही दचकते. रुग्णालयातील यंत्राद्वारे होणारी तपासणी वेदनारहित असून काही मिनिटांत आटोपते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ, हा क्रम तज्ज्ञांनी मान्य केला आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

यास्तव ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांनी सहा महिन्यांचे होऊनही आवाजाकडे न वळणारे मूल आढळताच त्यास विनाविलंब तपासणीस पाठवावे. वेळीच श्रवणयंत्र व प्रशिक्षण मिळाल्यास असे मूल भाषा शिकू शकते आणि इतरांबरोबर शाळेची पायरी चढू शकते.